वकीलपत्र

‘ओडिसी’च्या बाविसाव्या सर्गात बारा दासींना फासावर लटकवतात. वीस वर्षांनी घरी परतलेला ओडिसियस आपल्या वाड्यात तळ ठोकून बसलेल्या मागणीदारांना एकेक करून कापून काढतो. मग म्हातारी दाई युरिक्लिआ त्याला घरचा हिशेब देते : घरात दासी पन्नास, त्यांतल्या बारा फितूर. त्या मागणीदारांच्या अंथरुणात जात होत्या. या बारा जणींना आधी प्रेतं उचलून बाहेर न्यायला लावतात; ज्यांच्यापाशी त्या निजल्या त्यांचीच प्रेतं. मग ओल्या स्पंजांनी मेज-खुर्च्यांवरचं रक्त पुसून घेतात, जमीन खरवडून निघालेली घाण त्यांच्याकडूनच बाहेर टाकवतात. घर लख्ख झालं की त्यांना अंगणात नेतात. बापाचा हुकूम तलवारीने मारण्याचा असतो, पण टेलेमॅकसला इतकं सरळ मरण त्यांना द्यायचं नसतं. तो गलबताचा दोर खांबाला बांधतो, अंगणातल्या गोल इमारतीवरून ओढून घेतो आणि एका ओळीत बाराही माना फासात अडकवतो. होमर जाळ्यात सापडलेल्या पाखरांची उपमा देतो, पाय थोडाच वेळ हलले असं नोंदवतो आणि पुढच्या कामाला लागतो. घरची मालकीण पेनेलोपी हे सगळं होईस्तोवर वर गाढ झोपलेली असते.

जुन्या कथा अशाच असतात. काय झालं ते सांगतात. का झालं हे विचारायला थांबत नाहीत. त्या बारा जणींनी काय केलं असतं म्हणजे त्या वाचल्या असत्या? मागणीदारांना नाही म्हणण्याची सोय त्यांना होती का? होमरला हे प्रश्न पडत नाहीत. श्रोत्यांनाही पडत नसावेत. ते रात्रभर ऐकत बसलेले, त्यांना ओडिसियस पलंगापर्यंत पोचलेला पाहायचा आहे.

कॅनडाच्या मार्गारेट अ‍ॅटवुड यांना हा प्रश्न पडला. कॅननगेट या एडिंबरामधल्या प्रकाशनसंस्थेने जगभरच्या नामांकित कादंबरीकारांकडून पुराणकथा नव्याने लिहून घेण्याची एक मोठी मालिका आखली होती. 2005 मध्ये तिची पहिली पुस्तकं अनेक देशांत एकाच वेळी आली, त्यांत अ‍ॅटवुड यांचं ‘पेनेलोपिअड’ होतं. मग चीनच्या सू टोंग यांनी अश्रूंनी चीनची भिंत ढासळवणाऱ्या बाईची कथा लिहिली, इस्राएलच्या डेव्हिड ग्रॉसमन यांनी सॅमसन उलगडला, जपानच्या नात्सुओ किरिनो पाताळात उतरल्या. जेनेट विंटरसन यांचा आकाश पेलून दमलेला अ‍ॅटलस तर 1957 मध्ये रशियाने अंतराळात सोडलेली लायका कुत्री सोबतीला घेतो. हा शेवटचा प्रकार कुणाला थिल्लर वाटेल. मला तो मनापासून आवडतो.

‘पेनेलोपिअड’मध्ये पेनेलोपी मेल्यावर, थेट आपल्या काळात, पाताळातून बोलते. तिची भाषा खोचक, माहेर-सासरची धुणी धुणारी. आपली बाजू ती छान मांडते. पण अ‍ॅटवुड तिला सलग बोलू देत नाहीत. मध्येमध्ये त्या बारा दासी येतात, कधी दोरीवरच्या उड्यांचं गाणं म्हणत, कधी खलाश्यांचं, कधी मानववंशशास्त्राचं व्याख्यान देत. एका प्रकरणात तर खटलाच उभा राहतो. ओडिसियस आरोपी. न्यायाधीश होमरची पोथी उघडून पाहतात. मागणीदारांनी दासींवर बळजबरी केली असं तिथे लिहिलेलं आहे, पण गुन्हा कशात? तर घरधन्याची परवानगी घेतली नाही यात! न्यायाधीशांनाही हसू येतं आणि खटला निकालात निघतो. एवढ्या थोर माणसाच्या कारकिर्दीला आता डाग कशाला लावायचा? आणि पेनेलोपी? या मुलींना मागणीदारांत मिसळायला, मालकांविरुद्ध वाईटसाईट बोलून त्यांचे बेत काढून घ्यायला तिनेच सांगितलं होतं, हे ती कबूल करते. पण सांगते अशा बेताने, की तिची झोप खरी होती की नाही हे ठरवता येऊ नये.

पुराणकथा नव्याने सांगणाऱ्या आजच्या बहुतेक कादंबऱ्या म्हणजे वकीलपत्रं असतात. हजारो वर्षं ज्याच्यावर एकतर्फी निकाल लागला, त्याच्या वतीने उशिरा उभा राहिलेला वकील म्हणजे कादंबरीकार. यात गैर काही नाही. कादंबरी हा प्रकारच मनात शिरण्यासाठी जन्मला, आणि कुणाच्याही मनात शिरलं की त्याचं म्हणणं पटू लागतं. पंचाईत पुढे आहे. वकील हुशार असला की अशील सुटतं, आणि सुटलेलं अशील सहसा कथेतल्यापेक्षा लहान होऊन बाहेर पडतं.

मॅडलिन मिलर यांची 2018 ची ‘सर्सी’ मी एका दमात वाचली. ती वाचवतेच तशी. होमरची सर्सी बेटावर आलेल्या खलाश्यांना डुकरं करते. का, ते होमर सांगत नाही. मिलर सांगतात : तिने आसरा दिलेल्या खलाश्यांच्या म्होरक्याने तिच्यावर बलात्कार केला, तेव्हापासून ती येणाऱ्यांना डुकरं करू लागली. वाचताना आपण सर्सीच्या बाजूचे होतो, आणि व्हायलाही हवं. पण पुस्तक मिटल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. होमरच्या सर्सीला कारण लागत नव्हतं. ती देवी होती, तिच्या दारात आलेला माणूस माणूसच राहील याची हमी नव्हती, आणि तिची भीती होती ती याच गोष्टीची. मिलरच्या सर्सीला फिर्याद आहे. फिर्याद असलेल्या बाईचं दुःख आपल्याला कळतं. तिची भीती मात्र वाटेनाशी होते.

क्रिस्टा वोल्फ यांचा मामला याहून गुंतागुंतीचा आहे. पूर्व जर्मनीत हयात घालवलेल्या या लेखिकेची ‘मेडिया’ 1996 मध्ये आली. सहा जण पाळीपाळीने बोलतात, प्रत्येकाची बाजू वेगळी. ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’ वाचून मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला ही घडण अगदी घरची वाटेल. मेडिया म्हटलं की जगाला एकच गोष्ट आठवते : नवऱ्यावर सूड घ्यायला तिने स्वतःची मुलं मारली. वोल्फ यांची मेडिया मुलं मारत नाही. कॉरिंथच्या राजवाड्याखाली पुरलेलं एक जुनं पाप तिला कळतं, आणि ते झाकण्यासाठी शहर या परदेशी बाईवर उलटतं. मुलांना मारतात ते शहरातले लोक; मग आळ तिच्यावर घालतात.

कुणी म्हणेल, ही तर उघड उघड ढवळाढवळ झाली. मूळ कथा बदलली. पण मूळ कथा कुठली? मेडियाच्या हाताला मुलांचं रक्त कायमचं लागलं ते युरिपिडीसच्या नाटकामुळे. त्याच्या आधीच्या काही कथांत मुलं मारणारे कॉरिंथकरच होते. जुन्या टीकाकारांनी तर एक कुजबुज नोंदवून ठेवली आहे : कॉरिंथच्या लोकांनी युरिपिडीसला पाच टॅलंट मोजले आणि खून मेडियाच्या नावावर चढवून घेतला! ही बहुधा भाकडकथाच. पण प्राचीन काळच्या वाचकालाही नाटककाराने कथा फिरवली हे दिसत होतं आणि त्याला त्याबद्दल राग होता, एवढं तिच्यावरून नक्की कळतं. वोल्फ यांनी कथा बदलली म्हणण्यापेक्षा जुन्या निकालाच्या आधीच्या कागदपत्रांकडे त्या परत गेल्या म्हणणं बरं.

तरी मला त्यांची मेडिया थोडी जास्तच निर्मळ वाटते. तिच्यात विष उरलेलं नाही. आणि इथे वकिलाकडे पाहावं लागतं. जर्मनी एक झाल्यानंतर, 1993 मध्ये, वोल्फ यांनी तरुणपणी काही काळ पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांना माहिती पुरवली होती हे उजेडात आलं. पुढे त्याच पोलिसांनी त्यांच्यावरही वर्षानुवर्षं पाळत ठेवली, पण वृत्तपत्रांनी झोडपलं ते पहिल्या गोष्टीवरून. त्यानंतर तीन वर्षांनी एका पूर्वेकडच्या बाईला पश्चिमेकडचं श्रीमंत शहर बळी देतं, ही कादंबरी येते. वकील स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असताना लिहिलेलं हे वकीलपत्र आहे. त्यातली धार त्यातूनच आली, आणि अशिलाला एकही डाग लागू न देण्याची धडपडही त्यातूनच आली असावी, असं मला वाटतं.

परक्यांचे खटले तपासणं सोपं असतं. आपल्या घरातलं सर्वांत मोठं वकीलपत्र कर्णाचं.

आमच्या वाचनालयातल्या ‘मृत्युंजय’च्या प्रतीला दोनदा तरी पुठ्ठ्याची बांधणी केलेली होती आणि तिच्यासाठी नंबर लावावा लागे. शाळेच्या एकपात्री स्पर्धेत दर वर्षी एक तरी कर्ण हमखास असायचा. पुठ्ठ्यावर सोनेरी कागद चिकटवलेलं कवच, कानांत कुंडलं म्हणून आईच्या जुन्या बांगड्या दोऱ्याने बांधलेल्या, आणि समोरच्या परीक्षकांनाच कौरवसभा समजून घातलेली आर्त साद. अर्जुन कुणी व्हायला तयार नसे. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या कर्णाच्या बाजूने वाढल्या, आणि त्याचं मोठं श्रेय शिवाजी सावंतांना आहे. ‘मृत्युंजय’ 1967 मध्ये आली. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली, शोण, कृष्ण बोलतात. एवढ्या साक्षीदारांनी भरलेला खटला, आणि जवळजवळ सगळी साक्ष एकाच बाजूला झुकणारी.

आता त्याच्या आदल्या वर्षाकडे पाहा. 1966 मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम पुरं झालं. 1919 मध्ये ते सुरू झालं होतं. देशभरातली बाराशेहून अधिक हस्तलिखितं ओळीशी ओळ लावून तपासली गेली. वि. स. सुखठणकर यांनी संपादित केलेलं आदिपर्व 1933 मध्येच बाहेर आलं होतं. त्यात द्रौपदीच्या स्वयंवराचं पान काढलं की एक गोष्ट ध्यानात येते. मी सूताला वरणार नाही, हे भर सभेत कर्णाच्या तोंडावर फेकलेलं वाक्य, ज्याच्या पायावर कर्णाच्या अपमानाचा अर्धा डोलारा उभा आहे, ते मूळ पाठात नाही. मोजक्या हस्तलिखितांत आढळणारी मागाहूनची भर म्हणून ते खाली तळटीपेत गेलं आहे. (आणि कर्णभक्तांना एकट्यांनीच वाईट वाटून घ्यायला नको : सभापर्वात कृष्ण धावून येऊन वस्त्रं पुरवतो, तो धावाही या आवृत्तीत तळाशी गेलेला आहे. वस्त्रं येत राहतात. कुठून, ते पाठ सांगत नाही.)

उलट जे वाक्य पक्क्या पाठात आहे, ते कर्णाच्या तोंडचं. द्यूतसभेत दुर्योधनाचा भाऊ विकर्ण एकटा उठून द्रौपदीची बाजू घेतो तेव्हा त्याला गप्प करतो तो कर्ण. पाच नवरे असलेली ही बाई कुलस्त्री नव्हेच, असं तो म्हणतो, आणि पांडवांची व हिची वस्त्रं उतरव, असं दुःशासनाला तोच सांगतो. दुर्योधन नाही, शकुनी नाही. ‘मृत्युंजय’ वाचताना या सभेपर्यंत पोचेस्तोवर आपण कर्णाच्या इतक्या जखमा मोजून बसलेले असतो की जखमीने केलेला वार आपल्याला वारासारखा दिसतच नाही. ही सावंतांची ताकद आहे, यात मला शंका नाही. इतकी ताकद असलेला कादंबरीकार मराठीत वारंवार झाला नाही. पण शास्त्रीबोवा तळघरात हस्तलिखितं चाळून जे तळटीपेत ढकलत होते, त्याच तळटीपेतून आमचा लाडका नायक उठून चालू लागला, आणि पक्क्या पाठातला कर्ण मात्र आम्हांला परका झाला, ही गंमत मला अजूनही पुरेशी पचलेली नाही.

त्याच 1967 मध्ये, त्याच पुण्यात, ‘युगान्त’ पुस्तकरूपाने आलं. इरावती कर्वे डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवत. त्यांच्या हाती भांडारकरची आवृत्ती होती. त्याही कर्णावर लिहितात, तोही जिव्हाळ्याने. मी कोण, हा प्रश्न आयुष्यभर उरावर घेऊन फिरणाऱ्या माणसाची तगमग त्यांना कळते. पण त्या त्याला सूट देत नाहीत. घोषयात्रेत गंधर्वांनी गाठलं तेव्हा दुर्योधनाला शत्रूच्या हाती टाकून रणातून निघून गेलेला कर्णही त्यांच्या लेखात हजर असतो. त्यांच्याकडे सगळेच उलटतपासणीला उभे असतात. भीष्म, गांधारी, कुंती, कृष्णसुद्धा. कुणी सुटत नाही आणि तरी कुणी लहान होत नाही. महाभारतातल्या माणसांचं मोठेपण त्यांच्या निर्दोषपणावर कधी अवलंबून नव्हतंच, हे मला ‘युगान्त’नेच शिकवलं.

आणि एकदा, द्रौपदीवरच्या लेखाच्या शेवटी, बाईंमधली कथाकार उसळून वर येते. हिमालयात द्रौपदी कोसळते, धर्मराज मागे वळून न पाहता तिचा दोष सांगतो आणि पुढे जातो, इथवर व्यास. पुढे पडलेली द्रौपदी आणि परतून तिच्याशेजारी बसलेला भीम यांच्यातलं शेवटचं बोलणं कर्व्यांनी स्वतः रचलं आहे. पण ते सुरू करण्याआधी त्या वाचकाला बजावतात की इथून पुढची नरोटी माझी. नरोटी म्हणजे करवंटी; हा शब्द त्या एकनाथांकडून घेतात. नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि तिच्यात जो कुणी आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं, अशी तंबी देऊन ठेवली. कर्व्यांनी ती तंबी शिरोधार्य मानली, आणि मग नरोटी ठेवलीच! ती दोन पानं मराठीत द्रौपदीवर लिहिल्या गेलेल्या शेकडो पानांहून मला जास्त खरी वाटतात. व्यासांचं ताट कुठे संपलं हे त्यांनी लपवलं नाही, म्हणून पुढचं मोकळेपणाने चाखता येतं.

पुनर्कथनाच्या कुठल्याही कादंबरीत मी आता हीच गोष्ट शोधतो. सगळ्यांनी कर्व्यांसारखी पाटी लावावी असं नाही. कादंबरीत ते शोभणारही नाही. पण शिवण कुठे आहे हे लेखकाला ठाऊक आहे का, हे वाचताना कळतं. अमेरिकेच्या अर्सुला ल ग्विन यांनी ही शिवणच कादंबरीचा विषय केली. व्हर्जिलच्या ‘ईनिड’ महाकाव्यात लाव्हिनिया नावाची राजकन्या आहे. तिच्यासाठी अख्खं युद्ध पेटतं. तिच्या केसांना आगीचा शकुन लागतो, ती एकदा लाजून लाल होते, आणि बारा सर्गांत एक शब्द बोलत नाही. ल ग्विन यांच्या 2008 च्या ‘लाव्हिनिया’त ती बोलते, पण तिला माहीत असतं की आपल्याला एका कवीने निर्माण केलं. राईतल्या पवित्र जागी तिला त्या मरणाऱ्या कवीची छाया भेटते. तो तिला पुढे काय होणार ते सांगतो, आणि तिच्याकडे नीट पाहिल्यावर आपण हिला फार थोडं दिलं हे त्याच्या ध्यानात येतं. ती त्याच्यावर खटला भरत नाही. त्याने आपल्याला मरण येण्याइतकंही आयुष्य दिलं नाही, एवढं ती नोंदवते.

याच्या उलट टोकाला ए. एस. बायट. ‘रॅग्नरॉक’मध्ये त्यांनी नॉर्स देवांना मन द्यायलाच नकार दिला. दुसऱ्या महायुद्धात खेड्यात पाठवलेली एक बारकी मुलगी, वडील उत्तर आफ्रिकेवर विमानं उडवतायत, ते परत येतील की नाही ठाऊक नाही, आणि तिच्या हाती देवांच्या सर्वनाशाचं पुस्तक. बाल्डर देवाच्या आईने सृष्टीतल्या प्रत्येक वस्तूकडून त्याला इजा न करण्याची शपथ घेतली; फक्त मिसलटोचं कोवळं रोप लहान म्हणून सोडलं, आणि त्याच रोपाच्या काडीने तो मेला. बायट यांच्या पुस्तकात त्या आईच्या मनाचा तळ ढवळणारं एकही पान नाही. देवांना गुणविशेष असतात, मनं नसतात, असं त्यांचं म्हणणं. जुन्या कथेत सर्वनाशानंतर पुन्हा हिरवं जग वर येतं. बायट यांनी तो शेवटही गाळला, म्हणजे ढवळाढवळ त्यांनीही केलीच. पण समुद्रतळाशी वाढत जाणारा, माशांचे थवेच्या थवे गिळणारा तो साप मला अजून स्वप्नात दिसतो, आणि त्याने तसं का केलं असावं हे त्यांनी सांगितलं असतं तर तो दिसला नसता.

नात्सुओ किरिनो यांना मन द्यायचं असतं, पण सुटका द्यायची नसते. सन 712 च्या ‘कोजिकी’त इझानामी ही आदिमाता अग्निदेवाला जन्म देताना मरते. नवरा तिला आणायला पाताळात जातो, बघू नकोस म्हटलेलं असताना दिवा पेटवतो, कुजलेलं प्रेत पाहून पळतो आणि वाटेवर धोंडा लोटून देतो. धोंड्याच्या आतून ती ओरडते की तुझ्या देशातली हजार माणसं मी रोज मारीन. बाहेरून तो म्हणतो, मी रोज दीड हजार जन्माला घालीन. किरिनो यांची इझानामी पाताळात बसून रोज हजार जणांची निवड करते. तिचा राग रास्त आहे हे आपल्याला पटतं, मरणारे हजार मात्र रोज नवे असतात आणि त्यांचा काही दोष नसतो. रास्त रागाला माफी मिळालीच पाहिजे असा त्यांचा आग्रह नाही. गुन्हेगारी कादंबऱ्या लिहून हात बसलेल्या बाईला हे बरोबर जमलं.

सध्या मात्र वकिलांची गर्दी झाली आहे. दुकानात गेलं की सीता, ऊर्मिला, मंदोदरी, शूर्पणखा, गांधारी ओळीने उभ्या असतात. मुखपृष्ठावर एक भला मोठा डोळा, त्यात अश्रू किंवा अंगार, आणि मागे ‘न ऐकलेला आवाज’ अशी जाहिरात. न ऐकलेला? जात्यावर बसलेल्या बायकांनी सीतेचा वनवास आपल्या सासुरवासाला जोडून पिढ्यान्‌पिढ्या गायला. एकलव्य आणि शंबूक यांचं काय झालं हे दलित कवींनी असं विचारलं, की तोवरच्या निरूपणकारांना माना खाली घालाव्या लागल्या. ऐकायला कुणी बसलं नव्हतं असं फार तर म्हणता येईल. आणि या नव्या पुस्तकांत एक गोष्ट मला सारखी खटकते : वकील मिळतो तो राजघराण्यालाच. राणीवर अन्याय झाला, राजकन्येची उपेक्षा झाली, सूतपुत्र म्हणून हिणवलेला निघाला शेवटी कुंतीचाच मुलगा. दासींसाठी उभी राहिलेली अ‍ॅटवुड अजूनही अपवाद आहे.

दुसरा अपवाद म्हणजे महाश्वेता देवींची ‘कुंती ओ निषादी’ ही बंगाली कथा. वारणावतातलं लाक्षागृह पांडवांनी स्वतःच पेटवलं आणि भुयारातून निसटले. सकाळी राखेत सहा देह सापडले, म्हणून पांडव मेले अशी सर्वांची खात्री पटली. ते सहा देह एका निषाद स्त्रीचे आणि तिच्या पाच मुलांचे. कुंतीने घातलेल्या जेवणाला ती आली, मुलांसह दारू प्यायली, तिथेच झोपली. आदिपर्व हे दोन-चार श्लोकांत सांगतं आणि पांडवांमागोमाग अरण्यात शिरतं. महाश्वेतांच्या कथेत म्हातारी कुंती वनात राहते, धृतराष्ट्र-गांधारीची सेवा करते, आणि आपल्या पापांची कबुली वाऱ्याला देत बसते. तिच्या मते तिचं मोठं पाप कर्णाविषयीचं. जवळपास लाकूडफाटा गोळा करणाऱ्या निषाद बायका तिला दिसतात, पण दिसल्यासारख्या नसतात. एक दिवस त्यांतली एक समोर येऊन तिच्याच भाषेत बोलते, जळालेल्या त्या बाईची ती सून. कुंती एवढे दिवस कबुली देत होती, पण या सहा जणांचं नाव तिच्या यादीत आलंच नव्हतं, आठवणीतही नव्हतं. निषादीला एवढंच तपासायचं होतं. वणवा येतो आहे हे निषादांना जनावरांसारखं आधी कळतं, ते निघून जातात. कुंती मागे राहते.

ही कथा कुंतीला सोडत नाही आणि कुंतीला खलनायिकाही करत नाही. फार कशाला, आपण जिला भली आई समजून मोठे झालो ती भली आईच राहते. फक्त तिचं भलेपण कुणाच्या राखेवर उभं होतं ते कळतं. एवढं कळल्यावर महाभारताचं पुढचं पान पूर्वीसारखं वाचता येत नाही.

मराठीत याच्या जवळ जाणारं काय आहे ते मी शोधत असतो. ‘ययाति’त खांडेकरांनी अलका नावाची दासीची मुलगी मनानेच निर्माण केली, आणि राजमातेने तिला विष दिलं. प्रसंग अंगावर येतो. पण अलका मरते ती ययातीच्या मनावरची जखम म्हणून. कादंबरी तिची होत नाही. तीन आवाजांपैकी एक शर्मिष्ठेचा आहे, आणि शर्मिष्ठा दासी असली तरी आधी राजकन्या. गिरीश कार्नाडांनी 1961 च्या आपल्या ‘ययाति’ नाटकात पुरूची बायको चित्रलेखा नव्याने उभी केली, आणि तिच्या प्रश्नांपुढे बापलेक दोघे निरुत्तर होतात. पण तीही राजघराण्यातलीच. मूळ आदिपर्वात देवयानीने शर्मिष्ठेला दासी म्हणून मागून घेतली तेव्हा ती एकटी गेली नाही. तिच्याबरोबर हजार मुली गेल्या. शर्मिष्ठेच्या बापाला, वृषपर्व्याला, देवयानीचे वडील शुक्राचार्य यांची संजीवनी गमवायची नव्हती, म्हणून लेक दिली. लेकीच्या पाठोपाठ या हजार जणी कुणी न विचारता दिल्या गेल्या. देवयानीच्या लग्नानंतर त्याही ययातीच्या नगरीला आल्या. शर्मिष्ठेला पुढे राजा मिळाला, पुरू झाला, वंश चालला. या हजार जणींचं पुढे काय झालं, देवयानी रागावून माहेरी गेली तेव्हा त्या कुठे होत्या, ययाती अकाली म्हातारा झाला तेव्हा राजवाड्यात त्याचं अंथरूण कोण बदलत होतं, यांतलं काहीही व्यास सांगत नाहीत. सावंत, खांडेकर, रणजित देसाई यांच्या तोलाचा कुणी मराठी कादंबरीकार आज पुन्हा पुराणाकडे वळणार असेल, तर त्याने कर्णाला आता विश्रांती द्यावी आणि त्या हजारांतल्या कुणा एकीला नाव देऊन सुरुवात करावी. वकीलपत्र मात्र घेऊ नये; तिलाही एखादी सवत छळता येत असेल, एखादी चोरी पचवता येत असेल, तर ती मोकळेपणाने करू द्यावी.